नाकावरचा थेंब

ही फजिती सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण आमच्या रसूलनं ती तासगावच्या बाजारात इतक्या जणांना इतक्या तऱ्हांनी सांगितलीय, की परवा स्टँडवर एका अनोळखी माणसानं मला थांबवून विचारलं, "तात्या, पोलिसांनी कवा सोडलं तुमाला?"

पोलीस! अहो, पोलीस आलेच नव्हते!

मग म्हटलं, आपला गाढवपणा आपणच सांगावा. निदान खरा तरी राहील. तेव्हा चहा घ्या, टेका भिंतीला, आणि हसायचं ते शेवटी हसा. मधेच हसलात तर मी उठून जाईन. आधीच सांगतो.

तर बघा, मी बेदाण्याचा माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांच्या दयेनं. पण आभाळ वाचायला मला कुणी शिकवावं लागत नाही. द्राक्षं उतरवली की जाळ्यांच्या रॅकवर पसरायची, वाळवायची, मग झाडून खाली उन्हात टाकायची. त्या दिवसांत वरनं चार थेंब आले तरी पिवळाधमक माल काळा पडतो. एका वर्षी माझा अख्खा शेड असाच काळा झाला. मी तेव्हा बांधावर शेजाऱ्याशी भांडत होतो आणि ढग माझ्या पाठीमागून आला. त्या दिवसापासून मी ढगाकडं कधी पाठ केली नाही.

ढग दिसला, थेंब पडला, की माझ्या तोंडून एकच शब्द निघतो. "झाका!"

आणि तो निघाला की आमच्या वस्तीवरचा माणूस जेवत असला तर ताट सोडून ताडपत्रीकडं पळतो. कोण, कुणाचा, कुठला, मी बघत नाही. एकदा गॅसची टाकी द्यायला आलेल्या माणसाला मी रॅकवर चढवला होता. बिचारा झाकूनच गेला.

आता दुसरी बाजू. माझी बायको, हौसा.

यंदा आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. थोरल्या सुनेनं डोक्यात घेतलं, सगळे जुने फोटो गोळा करून एक अल्बम करायचा. पेट्या उघडल्या, पाकिटं झाडली. दोन दिवसांनी सून माझ्यासमोर फोटो पसरून बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"मामा, ह्ये तुमीच बगा."

बघितलं. लग्नातला फोटो. हौसा मुंडावळ्या बांधून खाली बघतेय आणि मी बँडवाल्यावर ओरडतोय. थोरला फौजेत भरती झाला तेव्हाचा. हौसा डोळे पुसतेय, मी गेटवरच्या शिपायाला बोट दाखवून काहीतरी सांगतोय. धाकट्याचं लग्न, आचाऱ्यावर तोंड उघडं. नातवाचं बारसं, मांडववाल्यावर तोंड उघडं. पन्नास वर्षांत एक फोटो नाही, एक, ज्यात माझं तोंड मिटलेलं आहे!

मी म्हटलं, "फोटोवाल्याची चूक हाय. सांगून काढायला नको?"

हौसा कोपऱ्यात शेंगा फोडत होती. रात्रीच्या भाकरीला बसलो तेव्हा तव्यावरनं नजर न काढता म्हणाली, "मला एक फोटू पायजे. दोगांचा. मागं समुद्रात बुडणारा सूर्य. आन तुमचं त्वांड बंद."

समुद्र कुठनं आला म्हणाल, तर चुलीच्या वरच्या भिंतीवरनं. तिथं एक कॅलेंडर आहे. औषधांच्या दुकानातलं. मी फवारणीची बाटली आणायला गेलो होतो तेव्हा त्यांनी गुंडाळी करून दिलं होतं. त्यावर समुद्रात बुडणारा लाल सूर्य. ते वर्ष संपलं, पुढची कितीतरी संपली, खालची महिन्यांची पानं फाटून गेली, पण हौसानं सूर्य काही काढला नाही. पन्नासातली वीसएक वर्षं तिनं त्या सूर्याकडं तोंड करून भाकऱ्या थापल्यात. आणि मी दर वर्षी म्हणायचो, "बेदाणा होऊ दे, दावतो तुला खरा." बेदाणा व्हायचा, मग छाटणी यायची, मग पाऊस, मग परत छाटणी. माझ्या दाखवण्याचं काही जमायचं नाही.

"जाऊ की पुढच्या साली," मी सवयीनं म्हटलं.

"पुढच्या साली मी न्हाई यायची," हौसा म्हणाली. "गुडगं आता ऐकत न्हाईत. वाळूत पाय रुततू म्हनं. ह्या साली चालन कशीबशी. न्हाई तर ऱ्हाऊ द्या, ह्यो कागदाचाच बरा हाय."

मी नुसती भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी रसूलकडं गेलो. रसूल मुल्ला म्हणजे माझा पहिलीपासूनचा दोस्त. तो चौथी पास झाला, मी झालो नाही, एवढाच फरक. त्याचं पोत्यांचं आणि ताडपत्र्यांचं दुकान आहे, आणि एक टेंपो आहे. मे महिन्यात तो बेदाण्याची पोती घेऊन रत्नागिरीकडं जातो, दोन दिवस मुक्काम करतो आणि परत येतो.

"मला आन हौसाला टाक तुझ्या टेंपोत," मी म्हटलं.

"वैनींना फुडं बसवतो," रसूल म्हणाला. "तू मागं बस पोत्यावर. वाटंत भांडायला कुनी भेटला तर मला थांबायला सांगू नको."

निघालो. आष्ट्यात चहा, आंब्याच्या घाटात हौसाची उलटी, आणि दुपारी खाली कोकणात. गावाचं नाव मी सांगणार नाही. मला तिथं परत जायला तोंड राहिलं पाहिजे. तिथली हवा तुम्हाला सांगतो, ओला टॉवेल दोरीवर टाकला तर संध्याकाळी तो सकाळपेक्षा जास्त ओला. आमच्याकडं टॉवेल वाळून पापड होतो. ही गोष्ट मी तेव्हा बघितली, पण डोक्यात घेतली नाही. घेतली असती तर आज हे सांगायला बसलो नसतो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पाचालाच वाळूवर जाऊन बसलो. हौसानं हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात अबोली घातली होती. रसूल सुनेनं दिलेला मोबाईल घेऊन तयार. आणि शेजारी पुण्याची सात-आठ माणसं. तीन पायांच्या घोड्यांवर तोफेएवढे कॅमेरे लावून बसलेली! चौकशी केली तर म्हणाले, आम्ही सूर्यास्ताचे फोटो काढायला आलोय, तीन दिवस झाले, रोज ढग येतात.

"तीन दिस नुसता सूर्य बुडायची वाट बगताय?" मी म्हटलं. "घरी काय काम न्हाई?"

त्यांच्यातला एक टोपीवाला होता, साठीचा. तो हसला नाही. म्हणाला, "काका, जरा बाजूला सरकता? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

मी सरकलो. कुरकुरत सरकलो.

इतक्यात पश्चिमेला ढगाची एक जाड पट्टी आली आणि सूर्य तिच्या आत गेला. उजेड गेला. मी उठलो, टोपी झटकली.

"चला. आज संपलं."

"थांबा काका," टोपीवाला म्हणाला. "ढगाच्या खाली थोडी फट आहे. खाली उतरला की निघेल."

मला! मला ढग शिकवतो!

"साहेब," मी म्हटलं, "तुमी कॅमेरं बगा. ढग माज्याकडं द्या. चाळीस वर्सं ढगाखाली माल वाळवतोय. ह्यो आज उगडत न्हाई. चल हौसा."

हौसा म्हणाली, "आवं, बसू की वाइच."

"काय बसू? अंधार पडला की वाळूत पाय मुरगळंल तुजा."

हाताला धरून मी तिला उठवली. रस्त्यावर पोचलो, चपलेतली वाळू झाडत होतो, आणि मागनं एकदम आरडाओरडा झाला. "आला! आला!" बघतो तर काय, ढगाच्या खालच्या फटीतनं तो बाहेर पडलेला. हा एवढा. लालभडक. आणि कॅमेऱ्यांचा नुसता कटकटाट.

हौसा वळली. पण मधे माडांची रांग. तिला दिसला असेल तर एवढासा तुकडा. मी तिचा हात धरून परत निघालो, पण तिच्या गुडघ्यांनी आणि वाळूनं मिळून असा वेळ घेतला की आम्ही पोचेपर्यंत वर नुसता लाल रंग राहिला होता.

हौसा काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी भांडून मोकळा झालो असतो.

रसूल बोलला. "तात्या, उद्या एकच सांज हाय. परवा सकाळी मला टेंपो घिऊन निगायचं हाय. उद्या तू ढगावर काय एक बोलू नगंस. त्वांडच उगडू नगंस."

"न्हाई उगडत."

"लग्नातबी असंच म्हनला हुतास."

दुसऱ्या दिवशी मी पक्कं ठरवलं. आज आभाळ पडलं तरी मी हलणार नाही आणि बोलणारही नाही. सुपारीचं एक मोठं खांड पानवाल्याकडनं घेतलं आणि फोटोच्या आधी तोंडात धरलं. तोंड उघडलं तर सुपारी पडेल, म्हणजे उघडायचंच नाही. आहे की नाही अक्कल?

रसूलनं टेंपो आज थेट वाळूच्या कडेला आणून लावला, हौसाला चालायला कमी पडावं म्हणून. आदल्या दिवशीचा टोपीवाला आणि त्याची माणसं होतीच. हौसानं त्याला हात जोडले. "साहेब, काल ह्यांनी तुमाला लय बोलून ठिवलं. मनात धरू नगा. आमाला कडंला उबं ऱ्हाऊ द्या. एक फोटू काडायचाय. पन्नास वर्सं झाली लग्नाला."

टोपीवाला विरघळला. "अहो आजी, या ना! कडेला उभ्या राहा. फोटोत माणसं असली तर चांगलंच दिसतं. माझा हा कॅमेरा आपला आपण दर दोन सेकंदाला फोटो काढत राहतो, सूर्य बुडेपर्यंत. तुम्हीही येऊ द्या त्यात."

आणि खरंच, तो कॅमेरा एकटाच टिक, टिक करत होता. भुतानं पछाडल्यासारखा.

तर आता बघा, आम्ही कसे उभे होतो ते नीट ध्यानात घ्या, कारण सगळा घोटाळा इथं आहे. सूर्य मागं पाहिजे म्हणजे समुद्राकडं आमची पाठ. समोर मोबाईल घेऊन रसूल, शेजारी कॅमेरेवाले. त्यांच्या मागं टेंपो, आणि टेंपोच्या मागं वाळूवर बांबूचे रॅक. रॅकवर जाळ्या. जाळ्यांवर पसरलेला माल.

मासळी होती ती. मांदेली, जवळा, आणखी काय काय. एका कोळणीनं वाळत घातलेली. पण मी तुम्हाला खरं सांगतो, लांबनं बघितलं तर थेट बेदाण्याचा शेड! तोच रॅक, तीच जाळी, तसाच पसरलेला थर. आणि मालाजवळ माणूस नाही! माझे पाय तेव्हाच तिकडं वळायला लागले. पण सुपारी तोंडात होती.

"तात्या, जरा हस," रसूल म्हणाला.

मी ओठ मिटून हसलो. रसूल म्हणाला, "राऊ दे. दात दुकतायत असं वाटतंय. नुसता उबा ऱ्हा."

सूर्य पाण्याजवळ आला होता. मला दिसत नव्हता, पण हौसाच्या पदराची कड सोन्यासारखी झाली होती. समोरच्या सगळ्यांची तोंडं तांबडी झाली होती. आज पश्चिमेला एक ढग नव्हता. टोपीवाला हळू आवाजात म्हणाला, "काल नुसता फटीतला होता. चार दिवसांनी आज सबंध मिळणार."

आणि तेवढ्यात, त्या सगळ्यांच्या डोक्यांवरनं, पूर्वेकडं घाटावरनं उठलेला ढग मला दिसला.

काळा. कोळशासारखा. बुडाला निळी झाक. आत वीज लवली. वारा पडला. गड्यांनो, वारा पडला म्हणजे काय ते मी जाणतो! आणि त्या ढगाच्या बरोबर खाली उघडा माल!

मी दात घट्ट आवळले. हौसाचा हात धरला. मनात म्हटलं, तुझा माल नाही, तुझा गाव नाही, तू फोटो काढायला आलायस. उभा राहा.

आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब पडला.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. चाळीस वर्षांची सवय. सुपारीचं खांड बंदुकीच्या गोळीसारखं उडालं ते रसूलच्या छातीवर बसलं, आणि माझ्या तोंडून निघालं,

"झाका!"

हात सुटला हौसाचा, आणि मी पळालो. सत्तरी ओलांडलेला माणूस वाळूत कसा पळेल म्हणाल, पण पळालो. टेंपोतली ताडपत्री ओढली. "झाका! पानी आलं! धरा! आरं बगतोयस काय, टोपीवाल्या, धर ते टोक! तू, चष्मेवाल्या, पल्याडनं घे! ओढ! माल भिजतोय!"

आता नवल बघा. ही पुण्याची शिकली-सवरलेली माणसं, चार दिवस त्या सूर्यासाठी तळमळलेली. पण माझा आवाजच असा, की कोण, कशाला, असं विचारायचं कुणाला सुचलं नाही. टोपीवाला धावला. चष्मेवाला धावला. दोन बाया धावल्या. रसूलनं मोबाईल खिशात टाकला आणि तोही धावला. त्याला तर माझ्या ओरडण्याची साठ वर्षांची सवय. चार मिनिटांत आम्ही सगळे रॅक ताडपत्रीनं असे गच्च आवळले, की आत मुंगी जायची नाही.

"दगूड ठिवा कडंला! वारं सुटंल!"

दगड ठेवले. मी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिलो. वाचवला माल.

आणि मागनं किंचाळी आली.

"अगो बाय माझे! मेल्यांनो! माझी मासळी चोरतायत!"

झोपडीतनं एक बाई चहाचा कप हातात घेऊन आली होती. माझ्याच वयाची असेल, अंगानं काडी, पण आवाज माझ्या तोडीचा. तिनं बघितलं ते काय, तर दहा परके लोक, एक टेंपो, आणि आपला सगळा माल गुंडाळून आवळलेला! आता तुम्हीच सांगा, तिनं दुसरं काय समजावं?

पण मला कुठली अक्कल? मी उलटा तिच्यावर चढलो.

"बाई! माल उगडा टाकून च्या पीत बसलीस व्हय? आभाळ बगितलं का? आज आमी नसतो तर सगळं मातीत गेलं असतं तुजं!"

"माझा माल, माझं आभाळ! तू कोण रे म्हाताऱ्या? सोड ती ताडपत्री!"

"पानी आलंय!"

"कुठं आलंय पाणी?"

"ढग दिसत न्हाई तुला?"

तिनं ढगाकडं बघितलंसुद्धा नाही. "तो होय? तो रोज येतो या वेळी. घाटावरच गडगडतो, घाटावरच पडतो. तो आमचा नव्हे, तो तुमच्याकडचा ढग आहे! काढा आधी ते! दिवसभर तापलीय मासळी, अशी आवळलीत तर घाम सुटेल तिला. नासेल सगळी!"

"आगं, थेंब पडला माज्या नाकावर!" मी ओरडलो. आणि तेवढ्यात पडला दुसरा! तिथंच! "ह्यो बग! पडला का न्हाई? बगा सगळ्यांनी!"

सगळ्यांनी बघितलं. ताडपत्री धरलेल्या दहा जणांनी आधी वर बघितलं. मग स्वतःच्या हातांकडं. मग वाळूकडं. मग माझ्याकडं.

ती बाई जवळ आली. चहाचा कप तिनं टोपीवाल्याच्या हातात दिला, कमरेवर हात ठेवले, आणि माझ्या तोंडाकडं असं निरखून बघितलं जसं बाजारात मासा ताजा आहे का बघतात.

"आजोबा," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर पाऊस एकट्या तुमच्याच नाकावर पडतोय काय? कपाळ पुसा. घाम आहे तो."

मी टोपीनं कपाळ पुसलं. टोपी भिजली. वाट बघितली. तिसरा थेंब काही आला नाही.

अहो, आमच्या मुलखात घाम येतो तसा वाळतो! कपाळावर मीठ राहतं, पाणी नाही. जन्मात कधी घाम असा ओघळून नाकावरनं टपकलेला मी बघितला नव्हता. मला काय माहीत कोकणात माणूस स्वतःच गळतो?

कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. मग रसूलच्या नाकातनं कसला तरी आवाज आला, आणि त्यानंतर तो वाळूवर बसला तो उठेनाच.

आणि त्याच वेळी टोपीवाला ओरडला, "सूर्य!"

सगळे वळले. समुद्रावर तांबडा रंग होता. सूर्य नव्हता.

चार दिवस थांबलेली माणसं, आणि ऐन वेळी माझ्या घामाला झाकत बसली होती. त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. पण त्यांचंही जाऊ द्या. मला एकदम आठवलं, मी कुणाचा तरी हात सोडून पळालो होतो.

हौसा जिथं होती तिथंच उभी होती. एकटी. समुद्राकडं तोंड करून. मी गेलो. पाय ओढत गेलो. हाताला मासळीचा वास, तोंडावर घाम, डोक्यावर टोपी नाही.

"बुडाला?" मी विचारलं.

"बुडाला."

"पुरा?"

"पुरा. आदी खालची कड पान्याला टेकली. मग तव्यावर भाकरी फुगती तसा रुंद झाला. मंग थांबला वाइच. आन मंग गेला की आत." तिनं पदरानं डोळे टिपले. "कॅलिंडरात ह्ये न्हाई. त्यातला जागचा हालत न्हाई."

"मी न्हवतो."

"तुमी कवा हुता?" ती म्हणाली. पण रागानं नाही हो. रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिनं उलट पदराचं टोक घेऊन माझं कपाळ पुसलं.

"फोटू न्हाई झाला, हौसा."

"ऱ्हाऊ द्या. बगायचा हुता, बगितला."

 पन्नास वर्षांत पहिल्यांदा सुपारीशिवाय तोंड मिटून उभा राहिलो, आणि तेव्हा फोटो काढणारं कुणी नव्हतं.

म्हणजे, मला वाटलं कुणी नव्हतं.

टिक. टिक.

टोपीवाला आपल्या कॅमेऱ्याजवळ गेला होता. तो एकटा कॅमेरा इमानदारीनं आपलं काम करत उभाच होता. माणसं पळाली, तो पळाला नाही. टोपीवाल्यानं मागच्या काचेत बघितलं, बटणं दाबली, आणि एकदम म्हणाला, "आजी! काका! इकडं या. लवकर या!"

सगळे जमले. ती कोळीणही चहा घेऊन आली. सूर्य सबंध मिळाला होता, पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत. शेवटच्या कितीतरी फोटोंत कडेला एकटी हौसा, पाठमोरी, पदराची कड चमकतेय. टोपीवाला म्हणाला, हे फार सुंदर आहेत. मग तो मागं मागं गेला, मिटल्या तोंडाचा, दात दुखल्यासारखा मी आला तिथनं परत पुढं आला, आणि एका फोटोवर थांबला.

त्यात दोघं होतो. मागं समुद्र, समुद्राला टेकलेला लालभडक सूर्य. हौसा माझ्याकडं बघून हसतेय. असं हसू मी तिच्या तोंडावर बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. पुढं काय होणार ते तिला माझ्या आधी कळलं होतं. आणि शेजारी मी. एक पाय वर, एक हात आभाळाकडं, डोळे बाहेर, आणि तोंड एवढं उघडं की सूर्य आत मावला असता. तोंडासमोर हवेत लटकलेलं सुपारीचं खांड.

हौसानं तो बघितला. खूप वेळ बघितला.

"ह्योच पायजे," ती म्हणाली.

"आगं, माजं त्वांड..."

"ह्योच. मिटल्यालं त्वांड घरात कुनी वळखायचं न्हाई."

मग मी त्या कोळणीची माफी मागितली. म्हणजे मी नुसते हात जोडले. हौसानंच सांगितलं, "बेदान्याची मानसं आमी. ह्यांना माल उगडा बगवत न्हाई." ती बाई हसली. म्हणाली, "माझ्या नवऱ्यानंसुद्धा माझ्या मासळीसाठी असं कधी धाव घेतली नाही हो." आम्ही सगळ्यांनी मिळून ताडपत्री सोडली, माल परत सारखा केला. रसूलनं तिला ओंजळभर बेदाणा दिला, तिनं त्याला सुकटाची पुडी दिली. पुण्याच्या मंडळींनी मला सोडून सगळ्यांशी हात मिळवले, आणि मग टोपीवाला परत आला आणि माझ्याशीही मिळवला. "काका," म्हणाला, "चार दिवसांत एवढा एकच फोटो असा मिळाला, की ज्यात काहीतरी घडतंय."

झालं ते एवढं. पोलीस नाहीत. मारामारी नाही. रसूल सांगतो तशी मला कोळणीनं पापलेट फेकूनही मारलं नाही.

टोपीवाल्यानं धाडलेला तो फोटो आता चुलीच्या वरच्या खिळ्यावर आहे. कॅलेंडर उतरलं. घरात येणारा प्रत्येक पाव्हणा विचारतो, "तात्या ह्यात काय ओरडत्यात?" आणि हौसा भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगते, "घाम आला म्हून."

गोष्ट तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण परवा संध्याकाळी वस्तीवर ढग आला. खरा ढग, पश्चिमेचा, काळा. हवा कोकणासारखी चिकट झाली. वारा पडला. रॅकवर कुणाचा तरी शेवटचा माल होता. माझ्या नाकावर थेंब पडला आणि मी ओरडलो, "झाका!"

कुणी हललं नाही. एक ताट सुटलं नाही, एक ताडपत्री उचलली गेली नाही. सगळे आपल्या जागी बसून माझ्याकडं बघत होते. मग पलीकडच्या घरातनं शेजाऱ्याचा आवाज आला. तोच शेजारी, ज्याच्याशी भांडताना माझा शेड गेला होता.

"तात्या, आदी कपाळ पुसा!"

काय करता? पुसलं.

घामच होता.